महिला मंडळाच्या अध्यक्षा पाळकांच्या पत्नीच कशासाठी?

लेखणी (चर्चेची सुरुवात)

चर्चमध्ये नवे पाळक (धर्मगुरू) रुजू झाले की त्यांच्या पत्नी आपोआप महिला मंडळाच्या अध्यक्षा होतात. त्यांना कोणी विचारत नाही आणि मंडळातल्या बायकांनाही कोणी विचारत नाही. ही रीत बंद व्हावी, असं माझं ठाम मत आहे. अध्यक्षा सभासदांनी निवडावी, मुदत तीन वर्षं, आणि एकीला सलग दोनच मुदती.

मंडळीनं, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, बोलावलेलं असतं पाळकांना. त्यांच्या पत्नी नोकरी करत असतील, घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल, चारचौघांत बोलायला त्या बिचकत असतील. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १२ व्या अध्यायात सेवा, शिक्षण, बोध, दानधर्म, पुढारीपण ही कृपादानं वेगवेगळ्या माणसांना वाटून दिलेली आहेत. आपण ती सगळी एकाच बाईकडून वसूल करतो, आणि ती कुठे कमी पडली की तिच्या पाठीमागे कुजबुजतो.

शिवाय बदली. पाळक गेले की मंडळ थंडावतं, कारण आजारी बहिणींची यादी, हिशेबाची वही, पुढच्या महिन्याचा बायबल अभ्यास, सगळं त्या एकटीकडे असतं. निर्गमच्या १८ व्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याला, हेच बजावतो: सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच बसलास तर तूही थकशील आणि लोकही थकतील, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेम. दहा घरांमागे एक बहीण नेमली तर घरभेटी वेळच्या वेळी होतात, आणि त्यातूनच पुढची अध्यक्षा तयार होते.

यापोची टबीथा विधवांसाठी कपडे शिवायची. जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या लुदियानं फिलिप्पैत आपलं घर प्रेषित पौलासाठी उघडलं. फिबी किंख्रियाच्या मंडळीची सेविका होती. वचनात (बायबलमध्ये) या तिघींपैकी एकीच्याही नवऱ्याचा उल्लेख नाही.

जुनी सभासद

ताई, तुमची कळकळ पोचली, पण मी असहमत. निवडणूक आली की गट आले. हरलेली बाई दोन रविवार तोंड फिरवते, मग तिच्या जावा-बहिणीही यायच्या थांबतात. पाळकांच्या पत्नी कोणत्याच घराण्याच्या नसतात, हाच त्यांचा मोठा फायदा. घरात मारहाण होणारी बाई शेजारणीला सांगणार नाही, त्यांना सांगते. त्यांची बदली झाली की ती गोष्टही त्यांच्याबरोबर जाते.

आणि बिचकणाऱ्यांचं म्हणाल, तर मदर्स युनियन ही ख्रिस्ती बायकांची संघटना बघा. १८७६ साली इंग्लंडमध्ये ती सुरू करणाऱ्या मेरी समनर पाळकांच्याच पत्नी होत्या. पहिल्या बैठकीत त्यांना बोलणं सुधरेना, म्हणून त्यांनी बायकांना पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. १८८५ मध्ये त्याच बाई पोर्ट्समथच्या चर्च काँग्रेसमध्ये मोठ्या सभेपुढे बोलल्या. जबाबदारी अंगावर पडते तेव्हाच माणूस घडतं.

लेखणी

समनरबाईंवर कोणी लादलं नव्हतं, त्यांनी स्वतःहून सुरू केलं. माझं भांडण लादण्याशी आहे. ख्रिस्ती स्त्रियांनी चालवलेला जागतिक प्रार्थना दिन दर मार्चच्या पहिल्या शुक्रवारी होतो आणि त्याची उपासना दर वर्षी वेगळ्या देशातल्या स्त्रिया लिहितात. पाळी फिरती आहे, तरी १९२७ पासून तो चालू आहे.

उंबरठा

मी स्वतः पाळकांची पत्नी आहे, म्हणून लिहिते. 'त्यांना मोकळं करा' असं सगळे म्हणतात, तेव्हा मला धास्ती वाटते. मी ईश्वरविज्ञान शिकले आहे. पतीला व्यासपीठ मिळालं. मला वचन शिकवायला मिळतं ते फक्त या मंडळात. उद्या मतदान झालं आणि 'बाहेरची' म्हणून मला बाजूला ठेवलं, तर हीही जागा जाईल. मला अध्यक्षपद नको, पण शिकवण्याची जागा हवी, आणि ती कोणाची पत्नी म्हणून नको.

इंग्लंडमधल्या एका पाळकांच्या पत्नी, मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लींच्या आई सुझॅना वेस्ली, यांना तरी कोणी नेमलं होतं? १७११-१२ च्या हिवाळ्यात पती लंडनला असताना एपवर्थच्या घरात त्या रविवारी संध्याकाळी प्रार्थना घेऊ लागल्या आणि माणसं दोनशेच्या आसपास गेली. सहायक पाळकानं तक्रार केली, पतीचं पत्र आलं. त्यांनी उलट कळवलं की थांबवायचं असेल तर नुसतं सुचवू नका, स्पष्ट आज्ञा करा. मला हे धैर्य फार मोलाचं वाटतं.

पंच

मी मंडळीच्या कमिटीत आहे. तीताच्या पत्रात (२:३-५) वडीलधाऱ्या स्त्रियांनी तरुण स्त्रियांना शिकवावं असं आहे. निकष आचरणाचा आहे. तिथे पत्नीपद नाही आणि मतपेटीही नाही. अशी बहीण मंडळीतल्या वडीलजनांनी आणि पाळकांनी प्रार्थना करून नेमावी. लोकप्रिय असलेली प्रत्येक जण परिपक्व असतेच असं नाही.

लेखणी

बंधू, निकष मान्य. पण प्रेषितांच्या कृत्यांचा ६ वा अध्याय काढा. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत होती. प्रेषितांनी पात्रता सांगितली, सात जण लोकांनी निवडले, मग प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवून त्यांना नेमलं. पात्रता तुम्ही सांगा, निवड बहिणींना करू द्या. आणि उंबरठाताई, बायबल अभ्यासाची जबाबदारी अध्यक्षपदापासून वेगळी करू. ती ज्यांना येते त्यांना द्यावी. तुम्हाला ती मिळावी असं मला मनापासून वाटतं.

दुसरी पाळी

कामाच्या दिवशी दुपारी सभा ठेवली की नोकरी करणाऱ्या आम्ही सगळ्या बाहेर. अध्यक्षा कोणीही असो, आधी वेळ बदला.

खतावणी

खुर्चीपेक्षा पैशाचं बोला. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) मंडळीत बायकांनी स्वतःची मिशन बोर्डं, म्हणजे धर्मप्रसाराचं काम चालवणारी मंडळं, उभारली होती, निधी त्या गोळा करत आणि कुठे खर्च करायचा तेही त्याच ठरवत. १९२३ मध्ये ती बोर्डं मुख्य बोर्डांत विलीन झाली आणि निर्णय घेणाऱ्यांत बायका अल्पसंख्य झाल्या. आपल्या मंडळाचं वेगळं खातं असावं, दोन सह्या, वर्षातून एकदा हिशेब सगळ्यांपुढे वाचलेला. हे नसेल तर निवडून आलेली अध्यक्षाही प्रत्येक खर्चासाठी कमिटीच्या दारात उभी राहील.

पंच

वेगळं खातं म्हणजे मंडळीत दुसरी मंडळी. याला माझा विरोध राहील. हिशेब वाचायला ना नाही.

खतावणी

मग कमिटीत मंडळाच्या दोन प्रतिनिधी मताधिकारासह घ्या. आमचं अर्पण घ्यायचं आणि मत घ्यायचं नाही, असं चालणार नाही.

जुनी सभासद

मारहाणीच्या गोष्टीचं उत्तर अजून कोणी दिलं नाही. निवडलेली अध्यक्षा त्याच नवऱ्याची मावसबहीण निघाली तर?

उंबरठा

ते काम अध्यक्षेकडे नकोच. ऐकून घेणाऱ्या दोघी वेगळ्या ठरवाव्यात आणि त्यांची नावं सगळ्यांना माहीत असावीत. प्रार्थनेच्या विनंत्या नाव न घेता वाचाव्यात. मारहाण असेल तर नुसती प्रार्थना करून तिला घरी पाठवू नये. सुरक्षित जागा आणि पोलीस, दोन्हीची व्यवस्था आधी ठाऊक असावी. हे मी एकटीनं वाहिलेलं ओझं आहे, म्हणून सांगते.

जुनी सभासद

हे पटलं. निवडणुकीला मात्र माझी हरकत कायम आहे. दोन योग्य नावं पुढे करा, प्रार्थना करा आणि चिठ्ठी टाका. यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड अशीच झाली, तिथे कोणी हरलं नाही.

लेखणी

ती दोन नावं बहिणींनी पुढे केली असतील, तर चिठ्ठीला मी तयार आहे.