११ नंबरचा टी-शर्ट कायमचा बंद करावा का? (मुलींची सॉफ्टबॉल टीम, तालुक्याचं गाव)

काळ्या_रानातला_कोच (सेलू, जि. परभणी)

नमस्कार मंडळी. बेसबॉल बघणारं इथं कुणी असेल तर मला जरा सल्ला द्या.

आमच्याकडं मुलींचा सॉफ्टबॉलचा (बेसबॉलसारखाच खेळ) छोटा क्लब आहे. मैदान शाळेचं, काळ्या मातीचं. पाऊस झाला की बेस चिखलात बुडतात, अन् उन्हाळ्यात भेगांवरून बॉल कुठंही उसळतो. तरी आमच्या पोरी जिल्ह्याबाहेर जिंकून यायल्यात, त्याचं मोठं कारण आमची पिचर (बॉल टाकणारी), ११ नंबर. नाव लिहीत नाही, तिला असलं आवडत नाही. आठवीत कबड्डी खेळायची. हात लांब बघून मी तिला ४३ फुटांवरून अंडरआर्म टाकायला लावलं. पुढं पुढं असं झालं की सरावात तिच्यासमोर स्लगर (बॅट) घेऊन उभं राहायला आमच्याच पोरी का-कू करायच्या. राज्य स्पर्धा खेळून आली. आता पोलीस भरतीत लागली, ट्रेनिंगला गेली. परत आमच्याकडून खेळेल असं वाटत नाही.

आमच्या अध्यक्षांचं कृषी सेवा केंद्र आहे. टी-शर्टाचा खर्च तेच करतात, त्यामुळं त्यांचा शब्द वजनदार. त्यांचा भाचा अमेरिकेत असतो. त्यानं न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाच्या स्टेडियमातून फोटो पाठवले. तिथं जुन्या खेळाडूंचे नंबर मांडून ठेवलेत म्हणे आणि ते पुन्हा कुणाला देत नाहीत. झालं! अध्यक्ष म्हणायलेत, १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की माईकवर जाहीर करून टाकू, ११ नंबर कायमचा बंद, शर्ट काचेच्या फ्रेममध्ये.

पोरीचं कौतुक व्हावं हे मलाही वाटतं. पण आमच्याकडं शर्ट सोळाच आहेत, १ ते १६. सतरा वर्षांखालच्या आणि चौदा वर्षांखालच्या दोन्ही गटांना तोच एक सेट, धुऊन वाळवून फिरवायचा. एक फ्रेममध्ये गेला तर सोळाव्या पोरीनं काय घालायचं? आणि सातवीतल्या एका लेकरानं मला आधीच विचारून ठेवलंय, "सर, ताईचा ११ आता मला का?" मी अजून उत्तर दिलेलं नाही.

बेसबॉलवाले नंबर कधी बंद करतात, त्यांचा काही नियम असतो का? की अध्यक्षांना वाटलं म्हणून?


पहाटे_साडेचारची_मॅच (लातूर)

कोच सर, तुमचा प्रश्न वाचून दुकान उघडायला उशीर झाला. आमची आडत आहे. न्यूयॉर्कला मॅच संध्याकाळी सातला सुरू होते, म्हणजे इथं पहाटे साडेचार. मोंढ्यात सौदे सुरू व्हायच्या आत मॅच बघून होते, म्हणून हे येड लागलंय.

थेट सांगायचं तर सगळ्यांना लागू असा नियम नाही. ज्याचा त्याचा क्लब ठरवतो. वरून हुकूम आलेला नंबर एकच, जॅकी रॉबिन्सनचा ४२. १५ एप्रिल १९४७ ला तो ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला आणि मेजर लीगमधली (अमेरिकेतली सगळ्यात वरची बेसबॉल लीग) काळ्या खेळाडूंवरची आधुनिक काळातली बंदी मोडली. त्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९९७ मध्ये, सगळ्याच संघांत ४२ बंद केला. आधीपासून घालणाऱ्यांना तेवढी सूट होती. त्यातला शेवटचा मारियानो रिव्हेरा, २०१३ पर्यंत खेळला. आणि गंमत बघा, दरवर्षी १५ एप्रिलला सगळ्या संघांतले सगळे खेळाडू ४२ घालूनच उतरतात. एरवी कुणालाच नाही, त्या दिवशी सगळ्यांना.

आता तुमच्या अध्यक्षांचे यांकीज. १९२९ ला त्यांनी पाठीवर नंबर घातले ते फलंदाजीच्या क्रमानं. बेब रूथ तिसरा यायचा म्हणून ३, लू गेरिग चौथा म्हणून ४. एवढा साधा हिशेब. गेरिग सलग २१३० सामने खेळला, मग असाध्य आजार निघाला. ४ जुलै १९३९ ला त्याचा निरोप समारंभ झाला, आणि नंबर बंद होण्याची मेजर लीगमधली सुरुवात त्याच्या ४ पासून झाली. बेब रूथ त्याच्याआधीच, १९३४ च्या हंगामानंतर संघ सोडून गेला होता, पण त्याचा ३ नंतर दुसऱ्यांनी खुशाल घातला. तो बंद व्हायला १९४८ उजाडलं, त्याच साली तो वारला. रूथचा नंबर इतकी वर्षं थांबू शकतो तर तुमच्या १७ सप्टेंबरची घाई कशाला?

यांकीजनी पुढं इतके नंबर बंद केले की १ ते १० त्यांच्याकडं शिल्लकच नाहीत. त्यांना परवडतं, ९९ पर्यंत जागा आहे. त्यांचा आजचा सगळ्यात मोठा खेळाडू एरन जज ९९ च घालतो. तुमच्याकडं १६ आहेत.

बोस्टन रेड सॉक्सनी कडक अटी घातल्या होत्या: हॉल ऑफ फेममध्ये (थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत) हवा, दहा वर्षं बोस्टनकडून खेळलेला हवा, वगैरे. तरी २००८ मध्ये जॉनी पेस्कीचा ६ बंद केलाच. पेस्की हॉल ऑफ फेममध्ये नाही. पण खेळाडू, मॅनेजर, कोच, समालोचक असं करत उभं आयुष्य त्यानं त्या मैदानावर काढलं. अटी कागदावर राहिल्या आणि माणूस वरचढ ठरला, मला तर हे बरोबरच वाटतं. घाईचं उदाहरण हवं असेल तर शिकागो व्हाइट सॉक्स. १९८९ मध्ये हॅरॉल्ड बेन्सला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं, लोक चिडले, म्हणून महिन्याभरात त्याचा ३ बंद केला. तो अजून खेळतच होता! पुढं हाच बेन्स परत त्यांच्याकडं आला आणि "बंद" झालेला ३ घालून खेळला. (क्लीव्हलँडनं तर ४५५ नंबर प्रेक्षकांसाठी बंद केलाय, सलग ४५५ सामन्यांची तिकिटं संपली म्हणून. तो कोण मागणार होतं देव जाणे.)

मला सगळ्यात आवडतं ते डॉजर्सच्या ३४ चं. फर्नांडो व्हॅलेन्झुएला, मेक्सिकोचा डावखुरा पिचर. १९९१ च्या हंगामाआधी क्लबनं त्याला सोडलं. ठराव नाही, समारंभ नाही. पण कपड्यांची खोली सांभाळणाऱ्यांनी ३४ पुन्हा कुणाच्या हातात दिलाच नाही. तीसेक वर्षं असंच चाललं आणि २०२३ मध्ये क्लबनं रीतसर जाहीर केलं. माझा निकष हाच: ज्यांनी तिला कधी खेळताना पाहिलं नाही त्या पोरीसुद्धा तो शर्ट उचलायला कचरतात, असं दिसलं की करा बंद. तोवर शर्ट पिशवीतच बरा.


जालन्याचा_थर्डमॅन

एवढं लांब कशाला जाता. सचिन मार्च २०१२ मध्ये शेवटचा वनडे खेळला. २०१७ ला शार्दूल ठाकूरनं श्रीलंकेत पदार्पणात सचिनचा १० घातला, तर लोकांनी त्याला सोशल मीडियावर फाडून खाल्लं. बिचारा पुढं ५४ वर गेला. म्हणजे बोर्डानं आधी स्पष्ट सांगितलं नाही आणि बोलणी खाल्ली नव्या पोरानं. सातवीतल्या लेकराचं असं होऊ देऊ नका. द्यायचा तर सगळ्यांसमोर द्या, नाही द्यायचा तर आधी सांगा.


पोलवरची_ताई (धाराशिव)

मी खो-खोवाली, त्यामुळं नंबराचं मला फार कौतुक नाही. आमच्यात बाई कितव्या तुकडीत आत जाते आणि किती वेळ टिकते ते बघतात, पाठीवर काय छापलंय ते नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा इथल्या पोरींनी तिचा नंबर विचारला नाही. सरावाला पहाटे किती वाजता जायची, ते विचारलं.

लातूरच्या दादांचा निकष पुरुषांच्या लीगला ठीक. तिथं रूथला पाहिलेली माणसं पन्नास वर्षं स्टेडियमात येत राहतात. आपल्याकडं पोरगी बारावी झाली की खेळ सुटतो. कुणाचं लग्न, कुणाचं कॉलेज लांब, कुणाची बस नाही. तीन-चार वर्षांत अख्खी टीम बदलते, मग कचरायला तरी कोण उरणार? तोपर्यंत ११ म्हणजे नुसता एक शर्ट झालेला असेल. म्हणून मला वाटतं, सातवीतलं ते लेकरू मागतंय ना, त्याला द्या. त्यानं ताईला बघितलंय म्हणून तर मागतंय. मोठीनं स्वतःच्या हातानं दिला तर आणखी चांगलं.

आता दोन गोष्टी मला कुणी विचारलेल्या दिसत नाहीत. एक, त्या पोरीला स्वतःला काय वाटतं? दुसरी, तिचे बॉल इतकी वर्षं झेलणारी कोण होती? तिचा नंबर किती?


काळ्या_रानातला_कोच

ताई, बरोबर जागी बोट ठेवलंत.

रविवारी तिला फोन लागला. ट्रेनिंगमध्ये एरवी फोन मिळत नाही. फ्रेमचं सांगितलं तर हसायलीच. म्हणाली, "सर, तो नंबर मी कुठं निवडला होता? आले त्या दिवशी पिशवीत तेवढा एकच उरला होता. आणि त्याची डावी बाही उसवलीय, आधी ती शिवा." लेकराचं सांगितल्यावर म्हणाली, देऊन टाका, पण पिचिंग करणार असेल तरच. आउटफिल्डला (मैदानात लांब) उभं राहायला ११ कशाला पाहिजे! हा तिचा निकष, बोस्टनपेक्षा कडक आहे.

तिचे बॉल झेलणाऱ्या कॅचरचा नंबर ६. अंगठा दोनदा सुजला तरी टेप लावून बसायची. तिच्या खुणेशिवाय पिचर बॉल टाकत नव्हती, हे फक्त मला आणि त्या दोघींना माहीत. मागच्या वर्षी तिचं लग्न झालं, मानवतला दिली. क्लबात तिच्यासाठी नारळसुद्धा फुटला नाही. अध्यक्षांना ती आठवते का, शंकाच आहे.

हॉकीचा पर्याय मी अध्यक्षांपुढं मांडला होता. गोलकीपर श्रीजेशचा १६ हॉकी इंडियानं २०२४ मध्ये बंद केला तो फक्त सीनियर संघात, ज्युनियरांना मोकळा ठेवला. अध्यक्ष खूष. म्हणाले, मोठ्या गटात बंद, छोट्या गटात चालू. मी म्हणालो, साहेब, दोन्ही गटांचे शर्ट तेच आहेत. यावर चहा मागवला गेला.


पहाटे_साडेचारची_मॅच (लातूर)

ताईंचं म्हणणं पटलं. माझा निकष दरवर्षी तेच लोक मैदानात असतील असं धरून चाललेला, तुमच्याकडं तो लागू पडत नाही. पिचर झाली तरच ११, हे मला फार आवडलं. दर पिढीची पिचर ११, कॅचर ६. फर्नांडोसारखं शर्ट राखून ठेवायचं, फक्त योग्य हात येईपर्यंत.

अध्यक्षांसाठी एक मुद्दा देतो. यांकीजचा ८ नंबर एकाच दिवशी दोघांसाठी बंद झाला, १९७२ मध्ये, बिल डिकी आणि योगी बेरा. दोघंही कॅचर! आणि तिथं मांडलेले असतात ते नंबराचे फलक, उसवल्या बाहीचे शर्ट नव्हे. बोस्टनच्या मैदानातही उजव्या बाजूला वर नुसते आकडे लावलेत. तेव्हा पत्र्याच्या दोन गोल पाट्या करा, ११ आणि ६, खाली नाव आणि खेळल्याची वर्षं. माईक त्यांचा, टाळ्या त्यांच्या, शर्ट तुमचा.


रंगारी_नांदेड

कोच सर, मी टी-शर्ट छपाईच करतो, म्हणून मधेच बोलतो. सोळाचा सेट असताना एकच शर्ट मागाहून केला तर कापडाचा लॉट बदलतो, रंगात फरक पडतोच, कुणाकडूनही करा. पुढचा सेट कराल तेव्हा ११ आणि ६ दोन-दोन छापून घ्या, एक लहान साइजचा, एक मोठा. एका सामन्यात एकच उतरवायचा, म्हणजे पंचांची कटकट नाही. पाट्यांचं काम पेंटरकडून करा, फ्लेक्स लावू नका, एका उन्हाळ्यात पांढरा पडतो.


काळ्या_रानातला_कोच

पाट्या टाकल्या पेंटरकडं. ११ ला अध्यक्ष हो म्हणाले. ६ चं विचारलं तर "ही कोण?" म्हणून मलाच उलटं विचारलं. मी मानवतला फोन करून तिला नवऱ्यासकट १७ तारखेचं बोलावणं दिलंय, आता पाहुणे आल्यावर नाही कसं म्हणतात बघू. रंगारी भाऊ, नव्या सेटचा अंदाजे खर्च कळवा, दोन जादा शर्ट धरून.


रंगारी_नांदेड

साइज पाठवा, मग कळवतो. पण सप्टेंबरात गणेश मंडळांच्या ऑर्डरी चालू असतात. १७ च्या आत हवा असेल तर याच आठवड्यात सांगा, नाहीतर दसऱ्यानंतरच.