महाबळेश्वरच्या धावडांच्या भट्ट्या कुणी विझवल्या?

कीटखडा
महाबळेश्वरच्या पठारावर चालताना एक काळा दगड पायाला लागला. उचलला तर आकाराच्या मानाने भलताच जड. एका अंगाला काचेसारखी चकाकी, ओघळून थिजलेल्या वळ्या, मध्ये बुडबुड्यांची भोकं. लोखंडाचं कीट, म्हणजे खनिजातून लोखंड गाळताना निघणारा मळ! इथले धावड, म्हणजे लोखंड गाळणारे, बहुतेक मुसलमान, लोखंडाचं खनिज मातीच्या भट्टीत लाकडी कोळशावर गाळत. भाता तासन्‌तास चालायचा, कीट वाहून जायचं आणि उरलेला गोळा तापलेला असतानाच घणाखाली ठोकायचा. मग इंग्रजांचा १८६५ चा आणि १८७८ चा जंगल कायदा आला, लाकूडतोडीवर बंदी आली. रानातला कोळसा तुटला, पिढीजात धंदा बसला. माझ्या मते हा सरळसरळ सरकारने केलेला घात आहे.

घाटवाट
मग कोल्हापूरचं काय? पन्हाळा, विशाळगड, भुदरगड भागातही लोखंड गाळत. ते संस्थान, इंग्रजांचा कायदा तिथे लागू नव्हता. तरी तिथल्याही भट्ट्या थंडावल्याच. कारण विलायती लोखंड. १८६३ ला बोरघाटातून रेल्वे वर आली, १८६९ ला सुएझ कालवा खुला झाला. तयार पट्टी स्वस्तात मिळायला लागल्यावर लोहार धावडाच्या दारात कशाला जाईल?

रानजाई
झाडांचं कुणीच बोलत नाही. लोखंडाच्या कितीतरी पट कोळसा लागतो आणि कोळशाच्या कितीतरी पट लाकूड. तेही कृष्णा-कोयनेच्या उगमावरचं. बंदी चुकली असं मला म्हणवत नाही.

कीटखडा
रानजाई, जंगल खातं स्वतः लाकूड विकतच होतं की! कुऱ्हाड थांबली नाही, फक्त हात बदलले. म्हणून "रान वाचवलं" हे मला पटत नाही.
घाटवाट, कोल्हापूरचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण स्वस्त मालापुढे धंदा आक्रसतो, गावापुरते फाळ-कोयते तरी होत राहतात. कोळसाच मिळेना म्हटल्यावर तेवढंही उरलं नाही.

घाटवाट
गावापुरती भट्टी चालत नाही हो. खनिज खणणारा, कोळसा पाडणारा, भाता ओढणारा, घण मारणारा, एवढ्या सगळ्यांची चूल त्या एका गोळ्यावर पेटायची. लोहाराने विलायती पट्टी घेतली की ती सगळी घरं एकदमच उठणार. कायदा नसता तरी.