पहिली गाडी, ९४ ची होंडा सिव्हिक: १५०० सीसीचं इंजिन काढून कोणतं टाकू?

नवाचालक: नमस्कार मंडळी, ९४ ची सिव्हिक हॅचबॅक घेतलीय. आत डी१५बी७ इंजिन आहे, १.५ लिटर, नवीन असताना १०२ हॉर्सपॉवर, आता त्यातले किती घोडे हयात आहेत देव जाणे. ऑइल पिते आणि चढावर दम सोडते. रोज कामाला हीच न्यायचीय. बजेट एक पगार, वर एक पैसाही नाही. आजवर स्वतः फक्त स्पार्क प्लग बदललेत. काय टाकू?

व्हीटेकवेडा: बी१६ए. विषय संपला. १६० घोडे, माझ्याकडे आहे, साडेपाच हजार आरपीएमच्या पुढे व्हीटेक (जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा) लागल्यावर जो आवाज येतो तो ऐकलात की ऑफिसला लांबच्या रस्त्याने जाल.

के_सिरीज: बी सिरीजचं इंजिन कोण टाकतं आता? सरळ त्यानंतरच्या के सिरीजचं के२०ए२ घ्या, २०० घोडे. पैसे थोडे जास्त लागतील इतकंच.

गॅरेजकाका: थोडे?? अरे के चं इंजिन डी आणि बी च्या उलट दिशेने फिरतं, त्यामुळे माउंट वेगळे, गिअरबॉक्स वेगळा, ॲक्सल, शिफ्टर, हेडर, वायरिंग, वर प्रोग्राम होणारा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), हे सगळं जमवेपर्यंत पोराचे वर्षभराचे पगार संपतील. बी ला पण डी चा गिअरबॉक्स बसत नाही, हे आधी सांगत जा. नवाचालक, तू डी१६झेड६ शोध. १२५ घोडे, तुझेच माउंट, तुझाच गिअरबॉक्स, फक्त पी२८ ईसीयू आणि व्हीटेक सोलेनॉइड-प्रेशर स्विचच्या वायरी ओढायच्या.

के_सिरीज: २३ घोड्यांसाठी इंजिन उतरवायचं? मी तरी नाही.

गॅरेजकाका: तुम्हाला कोण उतरवायला सांगतंय?

सावकाश_जा: इंजिन बदलायचंच आहे हे कुणी ठरवलं? आधी कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजा. रात्रभर उभी राहून सकाळी चालू करताना निळा धूर येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्ह सील गेलेत, ते इंजिन न उतरवता बदलता येतात. पिकअप घेताना सतत धूर असेल तर पिस्टनच्या रिंगा. आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजा, वाढला तर रिंगाच.

व्हीटेकवेडा: सील बदलून व्हीटेक येत नाही साहेब.

दुधानेपोळलेला: जुनं इंजिन घेणार असाल तर माझं ऐका. मला ‘चालू कंडिशन’ सांगून दिलं, घरी आणून प्लग काढले तर तिसऱ्या भोकातून गंजाचं पाणी, विकणारा नंतर फोनच उचलेना. प्लग काढून टॉर्चने आत बघा आणि क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने दोन फेरे फिरवा. अडकलं की निघून या.

ब्रेकप्रेमी: ब्रेकचं कुणी बोलेल का? बेस मॉडेलला मागे ड्रम आणि पुढे लहान डिस्क. १६० घोडे घेऊन थांबणार कुठे? आणि विमा कंपनीला कळवलं नाही तर क्लेम विसरा.

व्हीटेकवेडा: मी ड्रमवरच चालवतो, काही होत नाही.

ब्रेकप्रेमी: अजून.

तेलकट: अवांतर, जुन्या इंजिनाला सिंथेटिक ऑइल चालतं का?

सावकाश_जा: चालतं. वेगळा धागा काढा.

उशिरा_आलो: कुणी सांगितलं नसेल तर, डी१६झेड६ बघा, माउंट तेच लागतात.

नवाचालक: सगळ्यांचे आभार. टेस्ट केली, रिंगाच गेल्यात. शेवटी डी१६वाय८ घेतलं, ओळखीतल्या एकाच्या ठोकलेल्या सिव्हिकमधलं. थंड असताना चालू करून ऐकलं, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं. १२७ घोडे आहेत.

गॅरेजकाका: वाय८ कुणी सुचवलं होतं?? ते ९६ नंतरचं, ओबीडी२, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-वायरिंग पुढच्या पिढीचं. तुझी गाडी ओबीडी१, डिस्ट्रिब्युटर आणि अल्टरनेटरचे प्लग जुळणार नाहीत. ९२-९५ चा डिस्ट्रिब्युटर आणि पी२८ लागेल. बाकी इंजिन चांगलं आहे, नाही म्हणत नाही. जुनं एवढ्यात भंगारात देऊ नकोस, ब्रॅकेट आणि प्लग लागतील. आणि बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्रँक सील, क्लच प्लेट सगळं बदल. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात.

नवाचालक: बेल्ट आणलाय काका. क्लच पुढच्या पगाराला.

गॅरेजकाका: म्हणजे गिअरबॉक्स दोनदा उतरवणार. बरं.

के_सिरीज: एवढ्यात के२४ आलं असतं.