मदत हवी आहे: दहा महिन्यांचं बाळ, सगळं तोंडात घालतं, घरच्या घरी सेन्सरी प्ले (स्पर्श, वास, आवाजाचे खेळ) कसं करावं?

डोंबिवलीची_चिऊ

नमस्कार मंडळी, आजवर वाचनमात्र होते, आज धागा काढायची वेळ आलीच. आधी असा धागा असेल तर लिंक द्या, मला शोधून सापडला नाही.

लेक दहा महिन्यांचा आहे, रांगतो, सोफ्याला धरून उभा राहतो, खाली दोन दात आणि वर एक अर्धवट. वन बीएचकेत आम्ही पाच जण. मी घरून काम करते आणि संध्याकाळी सात ते आठ हा तास म्हणजे नुसता छळ आहे, कारण साबांचा (सासूबाईंचा) स्वयंपाक चालू, माझा शेवटचा कॉल नुकताच संपलेला, साबुंचा (सासऱ्यांचा) फिरायला जायचा टाइम आणि नवरा अजून लोकलमध्ये लटकलेला. त्या तासात टीव्हीवर गाणी लावून द्यायची सवय लागत चाललीये आणि डॉक्टर म्हणाल्या दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच, ते पटतंही, पण मग करायचं काय?

रील्स बघून बघून मागच्या रविवारी मी रंगीत तांदळाचा प्रयोग केला. अर्धा किलो तांदूळ, खायचा रंग, व्हिनेगर, पेपरवर वाळवणं, दोन तास गेले. परातीत ओतून त्याच्यापुढे ठेवले, त्याने एक मूठ उचलली आणि थेट तोंडात. खोकला, डोळ्यांत पाणी, मी उलटा करून पाठीवर थापा मारतेय, साबा धावत बाहेर. दोन मिनिटांत ठीक झाला, पण माझे हातपाय गार पडले होते. वर साबांचं सुरू झालं की तांदूळ पायाखाली तुडवायची कसली ही खेळणी, अन्न आहे ते. मला राग आला पण खरं सांगू, त्यांचं चूक नाही असंही वाटलं, कारण शेवटी ते अर्धा किलो तांदूळ झाडून केरात गेले.

तर सांगा की तोंडात गेलं तरी चालेल, अन्नाची नासाडी होणार नाही आणि नंतर तासभर फरशी पुसावी लागणार नाही असं काही असतं का? ऑनलाइन सेन्सरी किट बघितलं, किंमत बघून बंद केलं. त्यात ते पाण्यात फुगणारे रंगीत मणी पण होते, ते कसे वाटतात?

ह्यूस्टनकर

बाकीचे लिहितीलच, मी फक्त शेवटच्या प्रश्नासाठी लॉगिन केलं. ते मणी घरातसुद्धा आणू नका. इकडे अमेरिकेत सीपीएससी म्हणजे वस्तूंच्या सुरक्षेचं सरकारी खातं आहे, त्यांनी त्यावर इशारे दिलेत, २०२३च्या अखेरीस काही मोठ्या दुकानांनी मुलांसाठी विकणंच बंद केलं. आणताना साबुदाण्याएवढा दिसतो, गिळला की पोटात पाणी शोषून फुगत जातो आणि आतडं अडवतो. त्यात एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही, त्यामुळे मूल उलट्या का करतंय तेच डॉक्टरला कळत नाही. आमच्या डेकेअरने सगळ्या पालकांना मेल पाठवला होता.

रवा_बेसन

अगं चिऊ, पहिली गोष्ट, रंगीत तांदूळ हा या वयाचा खेळच नाहीये. रीलमधलं मूल नीट बघ, बहुतेक दोन-अडीच वर्षांचं असतं, किंवा मग कॅमेऱ्यामागे आई हात धरून बसलेली असते. दहा महिन्यांच्या बाळाचं तोंड हाच त्याचा हात. तो खात नाहीये, बघतोय.

माझ्या लेकीला मी टोपली दिली होती. ही कल्पना एलिनॉर गोल्डश्मीड नावाच्या बाईंची, इंग्लंडमध्ये त्यांनी लहान मुलांसोबत बरंच काम केलं, ट्रेझर बास्केट म्हणतात. बसता यायला लागलेल्या बाळापुढे एक बुटकी, न कलंडणारी टोपली, त्यात घरातल्या खऱ्या वस्तू, प्लॅस्टिक शक्यतो नाही. आपण शेजारी बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं, हे बघ ते बघ करायचं नाही. (हे मला सगळ्यात अवघड गेलं.)

आमच्या टोपलीत स्टीलची वाटी, फुलपात्र, छोटी पळी, चहाचं गाळणं, छोटं लाकडी लाटणं, घासून गुळगुळीत केलेली करवंटी, वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, पंचाचा तुकडा, जुन्या पैठणीचा काठ (किनार शिवून घेतलेला, दोरे निघतात) आणि एक अख्खं लिंबू असायचं. गार, खरबरीत, जड, हलकं, वाजणारं, वासाचं असं सगळं त्यात येतं. एका वेळी सात-आठच वस्तू, चार दिवसांनी दोन बदलायच्या. स्टीलची वाटी फरशीवर आपटायचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो, तेवढी चटई घाल खाली. पैसे शून्य.

सिस्टर_निवृत्त

मी बरीच वर्षं मुलांच्या वॉर्डात काढली आहेत, म्हणून थोडं रागावूनच लिहिते, वाईट वाटून घेऊ नकोस.

बाळ खोकत असेल, आवाज येत असेल, तोपर्यंत खोकू द्यायचं. खोकला हाच उपाय असतो. आवाजच बंद झाला, रडता येईना, ओठ निळसर पडले तर मात्र क्षणभरही थांबायचं नाही. एक वर्षाखालचं बाळ असेल तर आपल्या हातावर पालथं, डोकं छातीपेक्षा खाली, दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच वेळा दाब, पुन्हा थापा. दुसऱ्या कोणीतरी १०८ लावायचा. अडकलेलं दिसत नसेल तर तोंडात बोट घालून चाचपायचं नाही, आणखी आत जातं. बाळ बेशुद्ध पडलं तर पुढचं वेगळं असतं, ते वाचून येत नाही, बाहुलीवर शिकवतात तिथे घरातल्या सगळ्यांनी एकदा जाऊन या. साबांनी सुद्धा.

किचन टिश्यूचा रोल संपला की आतली पुठ्ठ्याची नळी टाकू नकोस. जी वस्तू त्या नळीतून आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात नको. शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, मणी, नाणी, बटणं. राजमा-हरभरा नाकात घातला तर आत ओलीने फुगतो, कानात गेला तर पाणी ओतून काढायला जाऊ नये, तेच होतं. घड्याळातले चपटे गोल सेल तर कुलपात, ते अन्ननलिकेत अडकले तर दोन तासांतही आतून भाजू शकतं. आणि गुंजा! दिसायला सुंदर, लाल-काळ्या, जुन्या डब्यांत हमखास सापडतात, पण विषारी आहेत, चावली गेली तर जीवावर बेतू शकतं.

लाटणं-पळी ठीक, पण ते तोंडात धरून उभं राहू द्यायचं नाही. बसूनच. आणि लिंबू चावून सालीचा तुकडा पाडतोय का बघत राहा, त्याला दात आहेत आता.

साधा_बाबा

टोपली +१. आमचा प्रकार अजून सोपा होता, रोजची भाजी. बाजारातून आणलेला फ्लॉवरचा गड्डा, अख्खा दुधी, कणीस पानांसकट, पालकाची जुडी बांधलेली असतानाच. मुलगा फ्लॉवरवर हात फिरवत बसायचा, दुधी ढोलासारखा वाजवायचा, पालकाची पानं फाडायचा (फाडलेली लगेच उचलायची, टाळूला चिकटतात). खेळून झालं की धुवायची आणि फोडणीला. नासाडी काहीच नाही, त्यामुळे तुमच्या साबांची पण तक्रार नसावी. कीटकनाशकाचं काय म्हणून आधी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचो, नंतर कळलं की वाहत्या पाण्याखाली नीट चोळून धुणं जास्त महत्त्वाचं.

पाण्याचा खेळ पण भारी, पण घमेल्यात दोन बोटं पाणी आणि आपण हाताच्या अंतरावर. बेल वाजली तर बाळ उचलून दार उघडायचं. दोन बोटं पाण्यातही मूल बुडू शकतं, बादली तर नकोच.

कणिकताई

मी तर पोळ्या करताना कणकेचा गोळाच देते हातात, तासभर गप्प असतो. आमच्या सगळ्यांची मुलं अशीच मोठी झाली.

सिस्टर_निवृत्त

हातात ठीक, पोटात नको. कच्चं पीठ शिजवलेलं नसतं, त्यात जंतू असू शकतात. आणि बाजारात मिळते तशी मिठाची खेळायची कणीक घरी करतात त्यात मूठमूठ मीठ असतं, लहान बाळाने ती खाल्ली तर फार वाईट, मूत्रपिंडांना एवढं मीठ झेपत नाही.

रवा_बेसन

@कणिकताई, त्यापेक्षा उकड दे ना! मोदकाची उकड काढतो तशीच तांदळाच्या पिठाची, फक्त मीठ नाही. शिजलेली असते, तेलाचा हात लावला की मऊसूत, रंग हवा तर बीटाच्या पाण्यात उकड काढायची. गोळा नाही द्यायचा, ताटलीत थापून द्यायची म्हणजे बोटं रुतवतात, ओरबाडतात. घासच्या घास तोंडात कोंबत असेल तर काढून घ्यायची, चिकट असते.

याहून पातळ हवं असेल तर गार झालेली पेज किंवा घट्ट दही ताटात ओतून बोटांनी रेघोट्या. रंगाला बीट नाहीतर पालक उकडून गाळून. हळद वापरायची तर खात्रीची, सुट्ट्या हळदीत रंगासाठी शिशाचा क्रोमेट (विषारी असतो) मिसळल्याचे प्रकार झालेत. शिवाय हळदीचा डाग काय निघत नाही, बाळंतविड्यातल्या सगळ्या झबल्यांवर आहेत आमच्याकडे. एक वर्षाच्या आत मध नको बरं का, चाटवण्यापुरताही नको, बोट्युलिझम (एक गंभीर विषबाधा) होऊ शकतो. हे एक घरी कडाडून भांडावं लागतं.

बालवाडीकाकू

चिऊ बाळा, तुझा धागा सुनेने वाचून दाखवला. मी कोसबाडला बालसेविकेचं शिक्षण घेतलं, अनुताई वाघ होत्या तेव्हा. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं तेव्हाचा विचार हाच होता की माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात कुठून आणायची, तर जे अंगणात आहे तेच साधन. शंख, शिंपले, बिया, पानं, काड्या. आम्ही मुलांना डोळे बांधून पानं ओळखायला लावायचो, पेरूचं कुठलं, आंब्याचं कुठलं, नुसतं हात फिरवून. पण ती मुलं तीन वर्षांपुढची. तुझ्या बाळाला बिया-शिंपले अजून नकोत, सिस्टर म्हणाल्या ते बरोबर.

तुला एक सांगते, रोज नवीन काही द्यायलाच पाहिजे असं नसतं गं. तीच वाटी तो महिनाभर वेगवेगळी वाजवेल. आमच्या वेळी न्हाणं हाच केवढा खेळ होता, तेल, डाळीचं पीठ, ऊन पाणी, मग धुरी आणि मऊ पंचा.

खवचट_खार

काकू, आदर आहे पण धुरी नको, धूर बाळाच्या छातीला वाईट. जुनं ते सगळं सोनं म्हणायची सवय लागली की पंचाईत होते. आमच्याकडे बोरनहाणाला अकरा महिन्यांच्या पुतणीच्या डोक्यावरून कुरमुरे, बोरं, हलवा, गोळ्या सगळं ओतलं, फोटो झक्कास आले, मग पोरगी शांतपणे बोर चघळत बसलेली, बी आत. सगळे फोटो बघण्यात दंग. खरं तर बोरनहाण म्हणजे आपलं ओरिजिनल सेन्सरी प्ले, पण ओतायचं काय ते बघून. आता आम्ही फुलांच्या पाकळ्या आणि मोठे मोठे बत्तासे ओतले आणि बत्तासे लगेच उचलले.

बालवाडीकाकू

धुरीचं मान्य हो. माझ्या सुनेनेही मला हेच ऐकवलं होतं.

डोंबिवलीची_चिऊ

मंडळी तीन आठवड्यांनी येतेय, सॉरी, मध्ये घरात सगळ्यांना सर्दी.

मणी नाही मागवले. नळी फ्रीजवर टांगलीये आणि साबुंना तिचं वेड लागलंय, दिसेल ती वस्तू नळीतून टाकून बघतात, काल स्वतःच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचं पाकीट टाकून बघितलं आणि मग मुकाट वरच्या कपाटात ठेवलं.

टोपली हिट आहे. मला वाटलेलं करवंटी आवडेल, तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. साहेबांना गाळणं आवडतं, ते डोळ्यांसमोर धरून पंख्याकडे बघत बसतात. पहिल्या दिवशी बावीस मिनिटं, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी टोपलीच डोक्यावर. म्हणजे रोज तासभर सुटका होईल हा माझा गैरसमज होता, पण आता सात ते आठमधली अर्धी वेळ तरी टीव्ही बंद असतो. उकड साफ फसली, बोट लावलं, तोंड वाकडं केलं, संपलं. ती आम्हीच तेल घालून खाल्ली. एका उकाड्याच्या दुपारी मोठ्या वाटीत पाणी गोठवून तो अख्खा गोळा ताटात दिला, छोटे क्यूब्ज नाही, ते मस्त चाललं, गार लागलं की हात मागे, परत पुढे.

साबांनी स्वतःहून त्यांच्या आईची पितळी छोटी पळी काढून दिली. घासून, उकळत्या पाण्यातून काढून. बोलल्या काहीच नाहीत.

आता नवीन प्रश्न. खाली गार्डनमध्ये गवतावर बसवलं की दोन्ही पाय वर घेतो आणि रडतो. काही काळजीचं आहे का?

सिस्टर_निवृत्त

बऱ्याच बाळांना गवत टोचतं, त्यात काही नाही. चटईवर तुझ्या मांडीत बसव, एकच पाय कडेला टेकू दे, उचलला तर उचलू दे. जबरदस्ती नको. पण खातानाही प्रत्येक नवीन पदार्थाला उबळ येत असेल, अंगाला काहीच लावू देत नसेल तर पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांच्या कानावर घाल.

डोंबिवलीची_चिऊ

खाण्याचं काही नाही, परवा माझी चप्पल चाटली. उद्या चटईचं करून बघते. आता जाते, साबा विचारतायत फ्लॉवर खेळून झाला का, तेल तापलंय.