मित्रांबरोबर परदेशात गोल्फ : कशी आखलीत सहल?

पुढच्या वर्षी आम्ही आठ जण परदेशात गोल्फ खेळायला जायचं म्हणतोय. कोर्सचे फोटो आणि क्रमवाऱ्या हव्या तितक्या सापडतात. मला ऐकायचंय ते मित्रांना घेऊन आठवडाभर खेळणं तुम्ही प्रत्यक्षात कसं जमवलंत ते. तारखा कशा जुळल्या, पैसे कुणाकडे जमा केले, दिवसाला किती खेळलात, काय चुकलं. सविस्तर लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. मागे आम्ही चौघं थायलंडला, हुआ हिनला गेलो होतो. तिथला रॉयल हुआ हिन कोर्स १९२४ सालचा, रेल्वे स्टेशनला लागूनच. पाच दिवसांत सात राउंड (एक राउंड म्हणजे अठरा होल) ठरवले होते. तिसऱ्या दिवशी त्या उन्हात एकाची कंबर धरली. पुढच्या राउंडचे पैसे भरलेले होते म्हणून तो रेटून खेळत राहिला, आणि आम्हीही त्याला थांब म्हटलं नाही. त्याची चुटपुट मला अजून लागते. आता दोन दिवस खेळ आणि एक दिवस मोकळा, हे मी सगळ्यात आधी ठरवून टाकतो. तिथे बहुतेक कोर्सवर प्रत्येकाला कॅडी (बॅग वाहणारी, सल्ला देणारी मदतनीस) घ्यावीच लागते, आणि त्याचा फायदाच होतो. उष्ण प्रदेशातल्या बर्म्युडा गवताच्या ग्रीनवर (होलभोवतीच्या आखूड गवतावर) पाती जिकडे झुकलेली असतात तिकडे चेंडू ओढला जातो. आम्हाला ते कळायला तीन राउंड लागले, कॅडीला लांबूनच दिसत होतं.

* * *

आमचं ठिकाण स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज. बॅलटबद्दल, म्हणजे तिथल्या ओल्ड कोर्सवर खेळायला मिळावं म्हणून निघणाऱ्या सोडतीबद्दल, जरा विस्ताराने लिहिते, कारण आमची सगळी सहल त्याभोवतीच फिरली.

ओल्ड कोर्सचे काही टी टाइम (खेळ सुरू करायच्या ठरलेल्या वेळा) कित्येक महिने आधी आरक्षित होतात, पण बरेचसे सोडतीने मिळतात. खेळायच्या दोन दिवस आधी दुपारपर्यंत नावं द्यायची, त्याच दिवशी निकाल. त्यामुळे तिथे एक-दोन रात्रींचा मुक्काम ठेवून भागत नाही. आम्ही पाच रात्री ठेवल्या, रोज नावं दिली, आणि नंबर लागेपर्यंतचे दिवस रिकामे जाऊ नयेत म्हणून तिथल्याच इतर कोर्सवर टी टाइम आधीच घेतले. न्यू कोर्स नावाने नवा असला तरी १८९५ सालचा आहे, ओल्ड टॉम मॉरिसने आखलेला. तो आम्हा चौघांनाही फार आवडला.

दुसरी गोष्ट हँडिकॅपची, म्हणजे खेळाडूच्या कुवतीनुसार मिळणाऱ्या सवलतीच्या फटक्यांच्या आकड्याची. ओल्ड कोर्सला हँडिकॅपचा पुरावा लागतो. आमच्यातला एक पंधरा वर्षं खेळतोय, पण त्याने कधी स्कोअरची कार्डंच जमा केली नव्हती. पहिला हँडिकॅप मिळायला किमान ५४ होलचे स्कोअर लागतात. आम्ही तिघं आळीपाळीने त्याच्याबरोबर खेळलो, कार्डांवर सह्या केल्या, आणि निघण्याआधी दीड महिना त्याचा आकडा आला. हे आधी लक्षात आलं नसतं तर तो बाहेर उभा राहिला असता.

रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो आणि लोक तिथे फिरायला येतात. आम्ही रविवारी सकाळी अठराही होल पायी पाहून घेतले. चौदाव्यावरच्या हेल बंकर या वाळूच्या खड्ड्याच्या काठावर उभं राहिल्यावर त्याची खोली कळली. मंगळवारचा नंबर लागला तेव्हा चौघांनीही तिथे डावीकडून जायचं आधीच ठरवलं होतं. शक्य असेल तर मुक्कामात रविवार धराच.

* * *

सामानाबद्दल. आमच्या दोन बॅगा विमान कंपनीकडून दोन दिवस उशिरा आल्या. क्लब (खेळायच्या काठ्या) केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, पण शूज, हातमोजा, एक जोड कपडे आणि रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) हातातल्या बॅगेत ठेवले होते, म्हणून भाड्याच्या क्लबवर पहिला राउंड तरी झाला. रेंजफाइंडरच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या तशाही केबिनमध्येच न्याव्या लागतात. ड्रायव्हर, म्हणजे लांब मारायचा क्लब, त्याचं डोकं काढता येत असेल तर काढून कपड्यांत गुंडाळा.

* * *

आम्ही चार मैत्रिणी श्रीलंकेला गेलो. दोघी जुन्या खेळाडू, दोघी नुकत्या शिकलेल्या. खेळात एवढा फरक असला की सहल फिसकटते असं बरेच जण म्हणाले होते. आमची फिसकटली नाही, कारण आम्ही फटके मोजणं सोडून स्टेबलफोर्डने खेळलो. हँडिकॅप धरून पारला (ठरलेल्या फटक्यांत होल झाला तर) दोन गुण, बोगीला (एक फटका जास्त लागला तर) एक, त्याहून वाईट गेलं तर शून्य आणि चेंडू उचलून पुढे. एक होल बिघडला म्हणून दिवस बिघडत नाही, आणि मागच्या गटालाही ताटकळावं लागत नाही. प्रत्येक कोर्सवर हँडिकॅप नव्याने काढायचा: इंडेक्सला (आपल्या मूळ हँडिकॅपला) कोर्सच्या स्लोपने (अवघडपणाच्या आकड्याने) गुणून ११३ ने भागायचं आणि त्यात कोर्स रेटिंगमधून (निष्णात खेळाडूला लागणाऱ्या फटक्यांच्या आकड्यातून) पार वजा करून येणारा फरक मिळवायचा. हे काम मी रोज आदल्या रात्री करून ठेवायचे, म्हणजे पहिल्या टीवर (होल सुरू करायच्या जागी) वाद नको.

रॉयल कोलंबो १८७९ चा क्लब, कोर्समधून चक्क रेल्वे जाते. नुवारा एलियाचा १८८९ चा, समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांहून उंच. तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो, नेहमीपेक्षा एक नंबर कमी अंतराचा क्लब घ्यावा लागला. शेवटच्या दिवशी नवख्या मैत्रिणीने चौतीस गुण केले आणि आम्हा तिघींना मागे टाकलं. तिचा तो चेहरा मी विसरणार नाही.

* * *

आयर्लंडबद्दल एवढंच: बेट एक, देश दोन. रॉयल पोर्टरश आणि रॉयल काउंटी डाऊन उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत. बॅलीबनियन आणि लाहिंच आयर्लंड प्रजासत्ताकात. आपापल्या पासपोर्टनुसार दोन्हीकडचे नियम वेगवेगळे पाहा. शिवाय आम्ही प्रत्येकाच्या आवडीचा एकेक कोर्स घेतला आणि सहलीतला निम्मा वेळ गाडीत घालवला. पोर्टरश ईशान्येला, बॅलीबनियन नैर्ऋत्येला. नकाशा सगळ्यांनी मिळून समोर ठेवायला हवा होता.

पैशांचंही सांगतो. आमच्या आठ जणांतला एक तीन आठवडे आधी गळाला, त्याच्या घरी खरंच अडचण होती. त्याच्या वाट्याचं काय करायचं हे ठरलेलं नसल्यामुळे दोघांत कडवटपणा आला, तो वर्षभर पुरला. गळणाऱ्याने काय भरायचं हे पहिला हप्ता गोळा करतानाच लिहून सगळ्यांना पाठवा. मित्रांत असं लिहून घेणं जड जातं, तरी घ्या.

* * *

न्यूझीलंडला जाणार असाल तर शूज, टी (चेंडू ठेवायच्या खुंट्या) आणि क्लबच्या खाचा घासून साफ करा आणि वापरलेलं सामान असल्याचं देशात शिरतानाच्या घोषणापत्रात लिहा. माती आणि बी-बियाण्यांबाबत तिथे फार कडक तपासणी असते.

* * *

आमच्या गटातल्या सगळ्यात जुन्या मित्राच्या गुडघ्याचं ऑपरेशन सहलीच्या चार महिने आधी झालं. तो म्हणाला, तुम्ही जा. आम्ही ठिकाणच बदललं. स्कॉटलंडऐवजी तुर्कस्तानातलं बेलेक घेतलं, कारण तिथे बरेच कोर्स एकमेकांना लागून आहेत, मुक्काम हलवावा लागत नाही आणि बगी (कोर्सवर फिरायची छोटी गाडी) मिळते. बुकिंग करतानाच विचारून घेतलं की बगी फेअरवेवर (टी ते ग्रीनमधल्या गवतावर) नेता येते की नुसती वाटेवरून, कारण वाटेवरूनच न्यायची असेल तर दुखऱ्या गुडघ्याला चालणं फारसं चुकत नाही.

तो पहिले दोन दिवस फक्त पार तीनचे होल खेळला. बाकी होलवर बगीत बसून आमचे स्कोअर लिहायचा, आणि ग्रीनवर आला की आमच्यापैकी कुणाचा तरी पट (ग्रीनवर होलकडे मारायचा हलका फटका) त्याचा असायचा. स्क्रॅम्बल ठेवलं की हे सहज जमतं: जो चेंडू बरा पडला असेल तिथून सगळ्यांनी मारायचं. तिसऱ्या दिवशी तो नऊ होल खेळला. पाचव्या दिवशी, कुणीही काही न सुचवता, दहाव्या टीवर जाऊन उभा राहिला.

स्कॉटलंडचे टी टाइम आम्ही आता पुढच्या जूनचे घेतलेत. पहिल्या फोरबॉलमध्ये (चौघांच्या गटात) पहिलं नाव त्याचं आहे.