यकृताच्या सिरॉसिसवर स्टेम सेल उपचार घ्यावेत का?

जुळे सोलापूरकर:
नमस्कार. माझे वडील 61 वर्षांचे आहेत. त्यांची उमेदीची सारी वर्षे टॉवेलच्या कारखान्यात गेली. मद्याला त्यांनी कधी स्पर्श केला नाही. तरीही गेल्या वर्षी त्यांच्या पोटात पाणी झाले आणि हिपॅटायटिस बीमुळे यकृताचा सिरॉसिस झाल्याचे निष्पन्न झाले. येथील पोटविकारतज्ज्ञांनी टेनोफोविर हे विषाणूविरोधी औषध आणि लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू केल्या असून, प्रत्यारोपणाच्या दृष्टीने पुण्यास एकदा दाखवून यावे, असे सुचविले आहे. दरम्यान परगावच्या एका क्लिनिकने सोलापुरातील एका हॉटेलात शिबिर घेतले. कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढून त्यातील स्टेम सेल (मूळ पेशी) यकृताच्या धमनीत सोडल्या की यकृत नव्याने तयार होते आणि शस्त्रक्रिया टळते, असे त्यांचे म्हणणे आहे. खर्च काही लाखांचा आहे. त्यांनी रुग्णांचे आधीचे आणि नंतरचे रक्ताचे अहवालही दाखविले. प्रत्यारोपण झाल्यास यकृताचा भाग मला द्यावा लागेल, या धास्तीने आईचा कल तिकडे झुकला आहे. या उपचारास शास्त्रीय आधार कितपत आहे?

निवृत्त प्राध्यापक (वैद्यकशास्त्र):
संशोधन खरे आहे; विक्री मात्र संशोधनाच्या फार पुढे धावते आहे. सिरॉसिसमध्ये यकृताच्या पेशी नष्ट होतातच, शिवाय त्यांच्या जागी व्रणासारखे तंतू साचून अवयवाची रचना आणि रक्तप्रवाह दोन्ही बिघडतात, त्यामुळे आत सोडलेल्या पेशींपासून नवे यकृत उभे राहील, ही कल्पनाच भाबडी आहे. अस्थिमज्जेतील पेशी फारशा यकृतपेशी बनत नाहीत. त्या काही रसायने स्रवून दाह कमी करत असाव्यात, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये 81 रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. तीत रुग्णाच्याच स्टेम सेल त्याला परत दिल्या, तरी यकृताच्या कार्यात नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारणा दिसली नाही. उलट पेशी दिलेल्या गटात गंभीर दुष्परिणाम अधिक आढळले. एडिंबरोमध्ये मॅक्रोफेज नावाच्या रोगप्रतिकारक पेशींवर चाललेले काम मला अधिक आशादायक वाटते, परंतु तेही अद्याप चाचणीच्याच टप्प्यावर आहे.

आता त्या अहवालांविषयी. टेनोफोविरने विषाणू आटोक्यात आला की पुढील काही महिन्यांत बिलिरुबिन (काविळीचे रंगद्रव्य) उतरणे, अल्ब्युमिन (यकृतात बनणारे प्रथिन) वाढणे, क्वचित पोटातील पाणीही ओसरणे, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. त्याच काळात कोणी स्टेम सेल दिल्या असतील तर श्रेय कोणाला द्यायचे? तुलनेसाठी दुसरा गट नसेल, तर असे अहवाल पुरावा ठरत नाहीत. टेनोफोविर मात्र कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका; विषाणू पुन्हा उसळल्यास यकृत झपाट्याने निकामी होऊ शकते.

आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक विकारांतील अस्थिमज्जा प्रत्यारोपणासारखे मान्य उपयोग वगळता, स्टेम सेलचा वापर केवळ परवानगी घेतलेल्या चाचणीतच करता येतो आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणून लाखांचे पॅकेज ऐकले की मला पुढचे काही विचारावेसे वाटत नाही.

नीलांबरी, विजापूर रोड:
माझ्या दिरांना त्यांच्या पत्नीने यकृताचा भाग दिला. आपल्या आईंची भीती मी समजू शकते, कारण आमच्या सासूबाईंनीही सुरुवातीला सुनेला विरोधच केला होता. दात्याची शस्त्रक्रिया मोठी असते आणि तीत धोका असतोच, हे कोणी लपवू नये. मात्र दात्याचे उरलेले यकृत काही महिन्यांत बरेचसे मूळ आकाराला येते. शिवाय आपणच दाता ठराल, हे आतापासून गृहीत धरू नका. रक्तगट, यकृतातील चरबी, भागाचा आकार असे बरेच काही तपासले जाते आणि त्यात अनेक इच्छुक बाद होतात. आईसह तुम्हा सर्वांची हिपॅटायटिस बीची तपासणी मात्र लगेच करून घ्या. मृत दात्याचे यकृत हवे असल्यास नोंदणी रुग्णालयामार्फतच होते. सोलापूर पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राखाली येते.

आहाराचेही सांगते. डाळी, अंडी, दूध कमी करण्याचा सल्ला नातेवाईक देतील, तो ऐकू नका. या आजारात स्नायू झिजतात आणि प्रथिने लागतात. शेंगाचटणी त्यांना आवडत असल्यास घरी बिनमिठाची करा, कारण पोटात पाणी असताना मीठच घात करते.

जुळे सोलापूरकर:
दोघांचेही आभार. क्लिनिककडे सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक आहे आणि ते त्यालाच सरकारी मान्यता म्हणतात. ते कितपत खरे आहे?

निवृत्त प्राध्यापक (वैद्यकशास्त्र):
ती चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही आहे; तेथील क्रमांक म्हणजे उपचार गुणकारी असल्याचा दाखला नव्हे. संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून आजार कोणता, चाचणी अद्याप चालू आहे का, नैतिकता समिती आणि औषध महानियंत्रक यांची परवानगी नोंदवली आहे का, हे पाहा. दुसऱ्याच आजाराचा क्रमांक दाखविला जाण्याचे प्रकार घडतात. शिवाय परवानगी असलेल्या चाचणीत इजा झाल्यास भरपाईची तरतूद 2019 च्या नियमांत आहे. ती संमतीपत्रात लेखी आहे का, हेही विचारा.

पुण्याची वेळ मात्र यासाठी थांबवू नका. जाताना बिलिरुबिन, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि सोडियम यांचे ताजे अहवाल न्या, कारण त्यांवरूनच मेल्ड गुणांक काढून प्रत्यारोपणाची निकड ठरवितात. एंडोस्कोपी आणि अलीकडची सोनोग्राफी झालेली नसेल, तर ती येथे सोलापुरातच करून घेता येईल.