जुन्या फिल्म कॅमेऱ्यातून आलेले दोष छायाचित्रात राहू द्यावेत का?

रुपेरी कण (धागाकर्ता)

पेंटॅक्सने २०२४ मध्ये नवा फिल्म कॅमेरा बाजारात आणला, जुन्या यशिका आणि झेनिट कॅमेऱ्यांना पुन्हा गिऱ्हाईक मिळू लागले आणि एकेकाळी बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक ३ अनेकांनी घरच्या कपाटातून बाहेर काढला. अशा कॅमेऱ्यांतून येणारी मऊ कड, कणीदार आकाश किंवा एखाद्या फ्रेमवर आडवा पसरलेला तांबूस प्रकाश स्कॅन केल्यानंतर संगणकावर पुसून टाकावा की तसाच राहू द्यावा, यावर येथे चर्चा व्हावी अशी इच्छा आहे. माझ्या मते तो राहू द्यावा.

कृष्णधवल फिल्मवरचा कण म्हणजे चित्रावर बसलेला मळ नव्हे. सिल्व्हर हॅलाइड या प्रकाशसंवेदी क्षाराच्या ज्या स्फटिकांवर पुरेसा प्रकाश पडतो, त्यांची डेव्हलपर या रसायनात चांदी होते आणि त्या चांदीच्या कणांचेच चित्र बनते; कण काढून टाकले तर चित्र उरतच नाही. संगणकाने ते गुळगुळीत केले की त्वचेचा किंवा भिंतीचा जो पोत आपल्याला दिसतो, तो बऱ्याच अंशी अंदाजाने भरलेला असतो. क्लिक ३ च्या साध्या भिंगाने कडा मऊ टिपल्या असतील, तर त्या क्षणी त्या भिंगाने खरोखर काय पाहिले याची ती नोंद आहे, आणि ती बदलण्याचा अधिकार आपण इतक्या सहज घेऊ नये.

कोलकात्यात जन्मलेल्या ब्रिटिश छायाचित्रकार जुलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी १८६३ च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कॅमेरा हाती घेतला. त्यांची व्यक्तिचित्रे धूसर आहेत, काचेच्या निगेटिव्हवर डाग आणि ओरखडे आहेत, अशी टीका त्या काळच्या छायाचित्रकारांनी केली. तीच व्यक्तिचित्रे आज जगभरच्या संग्रहालयांनी जपून ठेवली आहेत आणि त्यांवरचे ओरखडे पुसावेत असे कोणी सुचवत नाही.

डार्करूममधला

कॅमेरॉन यांचे उदाहरण आपल्या मताच्या विरोधात जाते, असे मला वाटते. फोकस जुळवताना जिथे चित्र सुंदर दिसले तिथे आपण थांबलो आणि इतर छायाचित्रकार ज्या रेखीवपणाचा आग्रह धरतात तिथपर्यंत भिंग नेले नाही, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. ओले कोलोडियन, म्हणजे प्रकाशसंवेदी थरासाठीचे चिकट द्रव, काचेवर ओतताना पडलेले डाग हा निर्णय नव्हता, आणि केवळ दोन्ही गोष्टी एकाच काचेवर आहेत म्हणून दोन्हींना सारखाच मान देणे मला पटत नाही.

ज्या तांबूस पट्ट्याचा आपण उल्लेख केला, तो बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या मागच्या दारातून उजेड आत शिरू न देणारी फोमची पट्टी कुजल्यामुळे येतो. ती पट्टी थोडक्या खर्चात आणि एका दुपारच्या कामात बदलता येते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढते, चित्रातील उजेड आणि छाया यांतला फरक मंदावतो आणि काही लोक त्याला ‘जुन्या काळचा मऊपणा’ म्हणतात. ती बुरशी वेळीच काढली नाही तर भिंगावरचा लेप आणि पुढे काचही खाते. भिंग कोरड्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवणे हे फिल्म वापरणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे.

भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या पिढीचा विचार करावा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या या छायाचित्रकार स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्ससारख्या कॅमेऱ्यांवर काम करत, आणि तो एकदाच पेटणाऱ्या फ्लॅशबल्बचा काळ होता. गावोगावच्या स्टुडिओंमध्ये निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने रिटचिंग करणारे कारागीर होते. ही सारी माणसे दोष टाळण्यासाठी आयुष्यभर झटली. त्यांच्याच यंत्रांमधून आलेल्या निष्काळजीपणाला आज सौंदर्य म्हणणे हा त्यांच्या कसबाचा अनादर आहे.

तिपाई

आपण दोघेही दोषाचा विचार यंत्राच्या बाजूने करत आहात. जपानमध्ये १९६८-६९ मध्ये ‘प्रोव्होक’ नावाच्या छायाचित्रण-नियतकालिकाचे तीन अंक निघाले. छायाचित्रकार दाइदो मोरियामा त्यात दुसऱ्या अंकापासून सहभागी झाले. त्या गटाची छायाचित्रे कणीदार, हललेली आणि फोकस सुटलेली असत, आणि ती तशी असण्यामागे गुळगुळीत वृत्तछायाचित्रणावरचा त्यांचा अविश्वास होता. फिल्म तिच्या ठरलेल्या संवेदनशीलतेपेक्षा जास्त संवेदनशील आहे असे धरून कमी प्रकाश देऊन वापरली आणि अधिक काळ डेव्हलप केली की सावल्यांतील तपशील जातो आणि कण फुगतात, हे ठाऊक असलेला माणूसच असे चित्र घडवू शकतो. दोष निवडण्यासाठीही कसब लागते, एवढेच मला सांगायचे आहे.

रुपेरी कण

मोरियामांचा मुद्दा मान्य आहे, मात्र निवडलेला दोषच स्वीकारार्ह मानला तर फिल्मचा मोठा भाग आपण गमावतो. युद्धछायाचित्रकार रॉबर्ट कापा यांनी ६ जून १९४४ रोजी, दोस्त सैन्य फ्रान्समध्ये उतरले त्या दिवशी, नॉर्मंडीतील ओमाहा किनाऱ्यावर काढलेली छायाचित्रे हललेली आणि कणीदार आहेत. लंडनच्या डार्करूममध्ये वाळवताना अतिउष्णतेने फिल्मवरचा थर वितळला आणि बाकीच्या फ्रेम नष्ट झाल्या, असे अनेक दशके सांगितले गेले; अलीकडे त्या कथनावर गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत. खरे कारण काहीही असो, पाण्यातून सरकणाऱ्या त्या सैनिकाची धूसर आकृती कोणीही रेखीव करून पाहू इच्छिणार नाही. तो धूसरपणा कापा यांनी सौंदर्यासाठी निवडला असे म्हणता येत नाही, तरीही ते चित्र त्याच्याविना अपुरे आहे.

घरातील अल्बममध्येही हेच दिसते. छत्तीस फ्रेमच्या रोलमध्ये लग्नातील एखादा प्रसंग एकदाच टिपला जाई. त्यात आजी मान वळवताना हलली असेल, तर तिच्या वळण्याची तेवढीच नोंद आपल्याकडे असते. संगणकाने तो चेहरा स्थिर करून दिला, तर तो आजीचा चेहरा राहील का?

हायपो

खर्चाची बाजूही विचारात घ्यावी. उदकमंडलम (उटी) येथे १९६० मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी ‘इंदू’ फिल्म बनवत असे. ती बंद पडल्यानंतर आता आपल्याकडे येणारा रोल आयात केलेला असतो आणि महाग पडतो. वापरलेल्या हायपोमध्ये, म्हणजे डेव्हलप झालेले चित्र पक्के करणाऱ्या रसायनात, चांदी विरघळलेली असते आणि ते मोरीत ओतणे योग्य नाही. इतका पैसा आणि इतकी रसायने खर्च करून हाती येणारे चित्र ‘जसे येईल तसे येऊ द्या’ म्हणणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. मुदत संपलेला रोल तर काही ठिकाणी ताज्या रोलपेक्षाही चढ्या भावाने विकला जातो, आणि हे मात्र कोणीतरी थांबवायला हवे.

डार्करूममधला

आजीच्या छायाचित्राबाबत मी आपल्याशी सहमत आहे. तो चेहरा मीही बदलणार नाही. माझा आक्षेप नव्याने काढल्या जाणाऱ्या छायाचित्रांबद्दल आहे. निगेटिव्हमध्ये जी सावली नोंदलीच गेली नाही, ती नंतर कोणत्याही कागदावर आणता येत नाही. याउलट, नीट एक्सपोज केलेल्या निगेटिव्हपासून प्रिंट करताना कडा मऊ करता येतात, अंधार वाढवता येतो, कणही ठळक करता येतात. म्हणून नवशिक्यांनी लाइट मीटर वापरावा, फोम बदलावा, डेव्हलपरचे तापमान मोजावे, शक्य तितकी निर्दोष निगेटिव्ह मिळवावी आणि मग प्रिंटच्या वेळी हवी तेवढी धूसरता स्वतःच्या हाताने आणावी.

रुपेरी कण

फोम, बुरशी आणि तापमान यांबाबत आपले म्हणणे मी पूर्णपणे स्वीकारतो, आणि मुदत संपलेल्या रोलच्या किमतीबाबत ‘हायपो’ यांचेही. परंतु निर्दोष निगेटिव्ह घेऊन नंतर प्रिंटवर धूसरता आणायची असेल, तर ती प्रकाशाने आणि भिंगाने त्या क्षणी केलेली नोंद राहत नाही, आपण मागाहून चढवलेली होते. मोबाइलमधील फिल्टर नेमके हेच करतो. काळजीपूर्वक सांभाळलेल्या कॅमेऱ्यातूनही जे अनपेक्षित येते, तेवढ्यापुरतेच माझे म्हणणे आहे, आणि त्याला प्रिंटवर केलेली धूसरता पर्याय ठरू शकेल असे आपल्याला का वाटते, हे आपण उलगडून सांगावे.